हजार प्रश्न सोडवले, तरी आकडा का हलत नाही? एमबीए सीईटीच्या सरावाबद्दल

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलं. गणितं कानाने ऐकताना निसटतात, म्हणून इथे जरा सावकाश लिहिली आहेत. कागद-पेन घेऊन बसा.)

मागच्या आठवड्यात आमगावच्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. बीकॉम झालंय, घरी बसून एमबीए सीईटीची तयारी सुरू आहे. तिचं म्हणणं असं : "दादा, ॲपवर हजाराच्या वर प्रश्न सोडवले. रोज सोडवून राहिली आहे. पण मॉक दिली की आकडा तिथल्या तिथेच. अजून किती प्रश्न सोडवू?"

असे मेसेज मला बरेच येतात. कोणी तिरोड्याचा, कोणी देवरीचा, कोणी पुण्यात रूम करून राहिलेला. प्रश्न सगळ्यांचा एकच : किती? पाच हजार? दहा हजार? माझं उत्तर ऐकून थोडा राग येईल. ताई, नवीन प्रश्न आठ दिवस बंद करा. जे हजार सोडवले, त्यातले चुकलेले काढा. तुमचा सगळा अभ्यासक्रम तिथे पडला आहे.

हे असं का म्हणतोय, ते आज काही प्रश्न सोडवूनच दाखवतो. सगळे प्रश्न मी आपल्या इकडचे बनवलेत. धान, रेल्वे, सारस, सगळं आहे.

आधी परीक्षेचा आकार बघून घेऊ, पटकन. आपली राज्याची परीक्षा म्हणजे एमएएच-एमबीए/एमएमएस-सीईटी. राज्याचा सीईटी सेल घेतो. नेहमीचा नमुना असा : २०० प्रश्न, १५० मिनिटं. त्यात लॉजिकल रीझनिंगचे ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे, म्हणजे आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. पेपर इंग्रजीत. (तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका सेलच्या वेबसाइटवरून उघडून बघाच. माझ्या भरवशावर राहू नका.) मुंबईचं जमनालाल बजाज असो की नागपूर विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, राज्यातल्या बहुतेक एमबीए प्रवेशांना हाच आकडा चालतो.

आता १५० मिनिटांचे सेकंद करा. ९०००. भागिले २००. एका प्रश्नाला ४५ सेकंद.

हा ४५ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कारण कॅटमध्ये हे गणित वेगळं आहे. तिथे गणिताचे २२ प्रश्न आणि ४० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटांच्या थोडं वर. परदेशी कॉलेजांसाठी जीमॅट देणार असाल, तर गणिताच्या विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. तीन परीक्षांमधली टक्केवारी एकच, गुणोत्तर एकच, सरासरी एकच. सगळं दहावीपर्यंतचं. पण सीईटीवाल्याने कॅटचे प्रश्न घेऊन एकेकावर दहा मिनिटं घासत बसणं म्हणजे शंभर मीटर धावायच्या तयारीसाठी नागझिऱ्यात ट्रेकिंग करण्यासारखं आहे. तब्येत सुधारेल, शर्यत नाही.

टक्के, पण कशाचे?

चला, पहिला प्रश्न. आपण धानवाली माणसं, तर धानाचाच घेऊ.

एका शेतकऱ्याने राइस मिलला २० क्विंटल धान दिलं. भरडाईत धानाच्या वजनाच्या ६७ टक्के तांदूळ निघतो. त्या तांदळात २५ टक्के कनकी आहे. तर अख्खा तांदूळ किती क्विंटल?

इथे थांबा. ऑडिओ ऐकत असाल तर पॉज करा.

झालं? आता पर्याय बघा : ८.४, १०.०५, १३.४, १५, आणि पाचवा "यापैकी नाही".

बरोबर उत्तर १०.०५. वीसचे ६७ टक्के म्हणजे १३.४ क्विंटल तांदूळ. त्यातला पाव हिस्सा कनकी, पाऊण हिस्सा अख्खा. १३.४ चा पाऊण हिस्सा १०.०५. गणित संपलं.

मग ८.४ कुठून आला? ६७ मधून २५ वजा केले, ४२ राहिले, वीसचे ४२ टक्के ८.४. आणि १५? वीसमधून थेट पाव भाग काढला, भरडाई विसरूनच गेले. १३.४ म्हणजे पहिल्या पायरीवरच थांबले.

पर्याय हवेतून येत नाहीत. पेपर काढणारा माणूस बसून विचार करतो, की पोरगं कुठे घसरेल? आणि प्रत्येक घसरगुंडीच्या खाली एक पर्याय ठेवतो. म्हणून "माझं उत्तर पर्यायात आहे, म्हणजे बरोबरच असणार" हा विश्वास सोडून द्या. तुमची चूक त्याला आधीच माहीत आहे.

आणि बघा, ८.४ लिहिणाऱ्याला टक्केवारी येत नाही असं नाही. त्याला ४२ टक्के काढता आले ना? तो घसरला "त्या तांदळात" या दोन शब्दांवर. आता त्याला ॲपने काय सांगितलं? "राँग. पर्सेंटेजमध्ये तुम्ही कच्चे आहात. हे घ्या अजून पन्नास प्रश्न." पन्नास सोडवेल, त्यातही "त्या तांदळात" सारखं काही आलं की तिथेच घसरेल. ताईचा आकडा का हलत नाही, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता हाच प्रश्न इंग्रजीत येणार. "ऑफ द राइस ऑब्टेन्ड" असा तुकडा असेल, वाक्याच्या पोटात कुठेतरी. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरापोरींना गणिताची भीती नसते, वाक्याची असते. मला यावर एकच उपाय चाललेला माहीत आहे. इंग्रजी प्रश्न वाचला की पेन उचलायच्या आधी तो आपल्या बोलीत, तोंडाने सांगायचा. भावाला सांगितल्यासारखा. "बावा, वीस पोतं धान दिलं, त्यातून एवढा तांदूळ आला, त्या तांदळातली पाव कनकी आहे, अख्खा किती राहिला?" असं सांगता आलं, तर प्रश्न समजला. सांगताना जिथे अडखळाल, तो शब्द तुमचा खड्डा.

थोडे शब्द मी इथेच देऊन टाकतो, कारण हेच पुन्हा पुन्हा पाडतात. "ॲट लीस्ट" म्हणजे कमीत कमी, तो आकडा धरून. "नॉट मोर दॅन" म्हणजे जास्तीत जास्त, तोही आकडा धरून. "मोर दॅन" म्हणजे तो आकडा सोडून वर. "एक्सेप्ट" म्हणजे हे सोडून बाकीचे. हा शब्द प्रश्नाच्या शेवटी येतो आणि घाईत दिसतच नाही. आणि सगळ्यात बदमाश "ओन्ली इफ". तिकीट असेल तरच गाडीत बसता येईल. याचा अर्थ तिकीट असलं की गाडीत बसलाच असा होतो का? नाही. गाडी सुटून गेली असेल. विदर्भ एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट खिशात असून फलाटावर उभा राहिलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मराठीतला "तरच" डोक्यात ठेवा, "ओन्ली इफ" कधी चुकणार नाही.

जे दिलं नाही, ते लागतंच का?

दुसरा प्रश्न. गोंदियाहून नागपूरला एक गाडी सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच मार्गाने ताशी ४० ने परत आली. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

पन्नास म्हणणारे हात वर करा. बहुतेक जण ५० म्हणतात. काही हुशार लोक म्हणतात, अंतरच दिलं नाही, माहिती अपुरी. दोन्ही चूक.

अंतर आपण आपल्या मनाने धरू. खरं अंतर रेल्वेने १३० किलोमीटरच्या आसपास आहे, पण आपण १२० धरू, कारण १२० ला ६० नेही भाग जातो आणि ४० नेही. जायला २ तास, यायला ३ तास. एकूण २४० किलोमीटर, ५ तास. सरासरी ४८. आता अंतर २४० धरून करून बघा, ४८ च येईल. अंतर काहीही असो, उत्तर हलत नाही, कारण ते वर-खाली दोन्हीकडे असतं आणि कटून जातं.

पन्नासच्या खाली का आलं? कारण गाडी हळू वेगात जास्त वेळ होती. इतवारी पॅसेंजरने रोज अप-डाउन करणाऱ्यांना हे सूत्राशिवाय कळतं. कुठल्या तरी आउटरला उभ्या असलेल्या गाडीत बसून माणूस सरासरी शिकतो.

यातून मला पुढच्या प्रकाराकडे जायचं आहे. कोणती माहिती लागते आणि कोणती नाही, यावरच एक अख्खा प्रश्नप्रकार उभा आहे. डेटा सफिशियन्सी. जीमॅटची ही जुनी ओळख, आता तिथे डेटा इन्साइट्स नावाच्या विभागात बसते. सीईटीच्या तयारीतही हा प्रकार करूनच ठेवावा. मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो, कारण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं रोजचं काम हेच आहे. क्लायंट म्हणतो, ॲप स्लो आहे. यावरून कारण सांगता येतं का? नाही. मग अजून नेमकं काय विचारायचं?

यात उत्तर काढायचं नसतं. दिलेल्या दोन विधानांवरून उत्तर निघू शकतं का, एवढंच सांगायचं. एकटं पहिलं पुरेसं, एकटं दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, कोणतंही एक घेतलं तरी पुरेसं, किंवा दोन्ही मिळूनही अपुरी. असे पाच पर्याय.

हे घ्या. दोन भावांची मिळून १० एकर शेती. मोठ्याची किती? विधान १ : मोठ्याची धाकट्यापेक्षा २ एकर जास्त आहे. विधान २ : मोठ्याची धाकट्याच्या दीडपट आहे.

पहिल्यावरून सहा आणि चार. दुसरं विधान झाका. आता पहिलं झाकून फक्त दुसरं बघा. दीड अधिक एक, अडीच भाग म्हणजे १०, एक भाग ४, मोठ्याची ६. म्हणजे कोणतंही एक पुरेसं. पण बहुतेक पोरं दोन्ही विधानं एकत्र वाचतात, दोन समीकरणं मांडतात, छान सोडवतात आणि "दोन्ही मिळून" वर टिक करतात. शाळेत आपल्याला जे दिलं ते सगळं वापरायची सवय लागली आहे. काही उरलं तर वाटतं, चुकलं वाटते! इथे ती सवय मारते. हाताने खरंच झाका. परीक्षेत स्क्रीनवर तळहात ठेवला तरी कोणी हाकलून देत नाही.

दुसरं उदाहरण जास्त खोडकर आहे. टोपलीत काही सीताफळं आहेत. त्यांची संख्या सम आहे का? विधान १ : तिघांत सारखी वाटली तर १ उरतं. विधान २ : सहा जणांत सारखी वाटली तर १ उरतं.

पहिलं बघा. ४ असू शकतात, ७ असू शकतात. एक सम, एक विषम. अपुरं. दुसरं बघा. ७, १३, १९, २५. सहाच्या पाढ्यात एक मिळवला की संख्या विषमच येते. म्हणजे सम आहे का? नाही. पक्कं नाही.

आता इथे मोठी गंमत होते. "नाही" आलं म्हणून लोक विधान अपुरं समजतात. अरे, "नाही" हे पण उत्तर आहे! तुम्ही मुलीकडे स्थळ घेऊन गेलात आणि तिने नाही म्हटलं, तर माहिती अपुरी आहे का? पूर्ण आहे. अपुरी कधी, "बघू, सांगते" म्हटलं तेव्हा. तर उत्तर : एकटं दुसरं पुरेसं.

सर्वात जास्त गुण जिथे आहेत

७५ प्रश्न लॉजिकलचे आहेत, हे परत ध्यानात घ्या. गणिताचे ५०. पण आपल्याकडे अभ्यास म्हटलं की जो तो गणित घेऊन बसतो. का? कारण गणित अभ्यासासारखं दिसतं. घरच्यांनाही बरं वाटतं. रांगेत कोण कुठे उभं आहे हे सोडवत असलो, तर आई विचारते, काहून रे, कोडी सोडवून राहिला का?

तर एक कोडं. गोंदिया स्टेशनच्या तिकीट खिडकीसमोर पाच जण एका रांगेत. एक आमगावचा, एक देवरीचा, एक तिरोड्याचा, एक सालेकशाचा, एक गोरेगावचा. तिरोड्याचा मधोमध आहे. देवरीचा आमगाववाल्याच्या लगेच मागे आहे. गोरेगावचा सालेकसावाल्याच्या पुढे कुठेतरी आहे. तर खालीलपैकी काय नक्की खरं? आमगावचा पहिला आहे. देवरीचा शेवटचा आहे. गोरेगावचा चौथा आहे. सालेकशाचा गोरेगाववाल्याच्या लगेच मागे आहे. यापैकी काहीच नाही.

कागदावर पाच रेघा मारा. तिसऱ्यावर तिरोडा. आमगाव-देवरी ही जोडी चिकटलेली, म्हणून ती एक तर १-२ वर किंवा ४-५ वर. जोडी १-२ वर बसली तर गोरेगाव ४, सालेकसा ५. जोडी ४-५ वर गेली तर गोरेगाव १, सालेकसा २. दोन चित्रं तयार झाली.

इथे लोक घाबरतात. एकच चित्र यायला पाहिजे होतं ना? मग परत वाचतात, परत मांडतात, दोन मिनिटं गेली. पण प्रश्न "रांग सांगा" असा नाहीच. "नक्की खरं काय" असा आहे. दोन्ही चित्रांत जे सारखं आहे तेच नक्की. दोन्हीत सालेकशाचा गोरेगाववाल्याच्या लगेच मागे आहे. संपलं. दोन चित्रं राहिली म्हणजे तुम्ही चुकलात असं नाही, पेपरवाल्याने मुद्दाम दोन ठेवली आहेत.

आता युक्तिवादाचा एक. समजा अशी बातमी आहे : यंदाच्या गणनेत मागच्या वर्षीपेक्षा जास्त सारस मोजले गेले, म्हणून जिल्ह्यात सारसांची संख्या वाढली आहे. कोणतं विधान या निष्कर्षाला सर्वात जास्त कमजोर करतं? पहिलं, सारस जोडीने राहतात. दुसरं, शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही सारसांची गणना होते. तिसरं, यंदा मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट तलावांवर मोजणी झाली. चौथं, धानाच्या बांधीत सारस घरटं करतो.

पहिलं खरं आहे, दुसरं खरं आहे, चौथंही खरं आहे. गोंदियाचा माणूस तर तिन्हींवर मान डोलवेल. पण खरं असणं आणि उत्तर असणं वेगळं. निष्कर्ष कशावर उभा आहे? "जास्त मोजले म्हणजे जास्त आहेत" यावर. त्याच्या पायाखालची वीट तिसरं विधान काढतं. दुप्पट ठिकाणी गेले तर जास्त दिसणारच ना.

हाच विचार जरा दुसरीकडे लावून बघा. चौकात बोर्ड लागतो : आमच्या क्लासचे इतके विद्यार्थी सिलेक्ट! बसले किती होते? त्यातले किती जण आधीच चांगले होते? हे बोर्डवर नसतं. फी भरायच्या आधी घरच्यांसमोर हा लॉजिकल रीझनिंगचा प्रश्न एकदा सोडवा. बापाची एका हंगामाची धानाची कमाई वर-खाली होणार असेल, तर हे ७५ गुणांपेक्षा महत्त्वाचं आहे. क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. काहींना रोज कोणीतरी विचारणारं लागतं, त्यांनी लावावा.

आकृत्यांबद्दल मी ऑडिओवर काय सांगणार? रोज दहा बघा. काय फिरतंय, काय वाढतंय, काय काळं-पांढरं होतंय, एका वेळी एकाच गोष्टीवर नजर ठेवा. बस.

चुकांची वही

आता मूळ मुद्दा. आमच्या कामात कोड बिघडला की आम्ही "बग" नोंदवतो. त्यात "कोड चुकला" असं लिहून चालत नाही, टीम लीड परत पाठवतो. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं आणि कशामुळे, हे लिहावं लागतं. ताई, तुम्ही चुकलेल्या प्रश्नांसाठी हेच करा. साधी दोनशे पानी वही घ्या.

प्रश्न उतरवायची गरज नाही. एक ओळ पुरते. उदाहरण देतो : "धान-तांदूळ. २५ टक्के तांदळाचे होते, मी धानाचे धरले." किंवा "दोन भाऊ. विधानं एकत्र वाचली." किंवा "सरासरी वेग. पद्धत माहीत होती, पण अडीच मिनिटं लागली." किंवा सरळ "चक्रवाढ व्याज. सूत्रच येत नव्हतं."

या चार ओळी चार वेगळ्या आजारांच्या आहेत, औषधं पण वेगळी. सूत्र येत नव्हतं, तर पुस्तक उघडा, अर्ध्या तासाचं काम आहे. हा सगळ्यात सोपा आजार. वेळ जास्त लागला, तर तोच प्रश्न चार दिवसांनी परत करा, मग अजून आठवड्याने, हात बसेपर्यंत. पण वाचण्यात चुकलं असेल तर नवीन प्रश्नांनी काहीच होणार नाही. तिथे बोलीत सांगायची सवय लावावी लागेल. पन्नास चुका लिहून झाल्या की वही मागून पुढे वाचा. बहुतेकांना एकच ओळ वेगवेगळ्या कपड्यांत वीस वेळा भेटते. मग कळतं की अडचण "गणित" नव्हती, "कशाचे टक्के" ही होती.

आणि बरोबर आलेले? तेही बघा. अंदाजाने बरोबर आला असेल तर वहीत चुकला म्हणूनच लिहा. ॲप तुम्हाला हिरवा टिक दाखवून शाबासकी देतं, त्याला काय माहीत तुम्ही डोळे मिटून दाबलं होतं!

रोजचं वेळापत्रक म्हणाल, तर २५ प्रश्नांचा एक तुकडा घ्या. ४५ सेकंदांच्या हिशोबाने पावणेएकोणीस मिनिटं. घड्याळ लावून, एका दमात, उत्तरं न बघता. नंतर त्यावर कमीत कमी तेवढाच नाही, दुप्पट वेळ बसा. दिवसाला तासभर होतो. नोकरी करणाऱ्यांनाही जमतो. प्रश्न कुठून आणायचे? सीईटी सेल आणि कॅटच्या अधिकृत वेबसाइटवर मॉक टेस्ट मिळते, जीमॅटवाल्यांना त्यांच्या अधिकृत साइटवर दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत. त्या पहिल्याच आठवड्यात वाया घालवू नका. अधिकृत प्रश्नांची भाषा नेमकी असते. इकडून-तिकडून फिरत येणाऱ्या पीडीएफमधला प्रश्न कधी कधी मुळातच चुकीचा असतो, आणि पोरगं स्वतःला दोष देत रात्र काढतं.

फोनवर ऐका, वाचा, पण सोडवा कागदावर. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर खूण करता येत नाही, कच्चं काम बाजूच्या कागदावरच. फोनवर बोटाने झूम करून तक्ता बघायची सवय तिथे कामाची नाही. महिन्यातून दोन-तीनदा पूर्ण अडीच तासांची मॉक सायबर कॅफेत किंवा कोणाच्या लॅपटॉपवर द्या.

सोडायचं कसं, ठोकायचं कसं

शेवटची गोष्ट, आणि यात फुकटचे गुण आहेत. सीईटीत चुकीला दंड नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. हिशोब करा. तुम्ही दीडशे प्रश्नांपर्यंत पोचलात, पन्नास राहिले. पाच पर्याय आहेत, आंधळेपणाने दाबलं तरी सरासरी पाचातला एक लागतो. पन्नासात दहा. दहा गुणांनी पर्सेंटाइल कुठल्या कुठे जातो. म्हणून शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा, फक्त दाबण्यासाठी.

कॅटमध्ये असं नाही. बरोबरला ३, पर्यायी प्रश्नात चुकीला उणे १, चार पर्याय. चारदा आंधळा बाण मारला तर एकदा ३ मिळतात आणि तीनदा १-१ जातो. हातात शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर तिघांतून निवडायचं : तीनदा मारलं तर ३ मिळाले, २ गेले, १ फायद्यात. जिथे पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथे दंडच नाही, काहीतरी लिहा. जीमॅटला प्रश्न अर्धवट सोडून वेळ संपवणं महागात पडतं, आणि तिथे विभागाच्या शेवटी जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात.

आणि सोडणं हे पण सरावाचं काम आहे. एका प्रश्नावर पाच मिनिटं अडकलात म्हणजे साडेसहा प्रश्नांचा वेळ गेला, आणि ते साडेसहा कदाचित सोपे होते. हुशार पोरांनाच हे जड जातं. शाळेत पहिला नंबर काढलेल्याला प्रश्न सोडून पुढे जाणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. घरी सराव करताना मुद्दाम २५ मधले ५ सोडायचे, असा नियम करून बघा. कोणते पाच सोडले आणि ते सोडायलाच पाहिजे होते का, हेही वहीत लिहा.

बरं, आता एक प्रश्न तुमच्यासाठी. उत्तर मी आज सांगणार नाही, व्हॉइस मेसेजने पाठवा, पण कारणासकट. नुसतं "पर्याय दोन" असं पाठवलं तर ऐकणार नाही.

दुकानदाराने जाडा आणि बारीक तांदूळ मिसळला. मिश्रणात जाड्याचं बारकाशी प्रमाण काय? विधान १ : जाडा ३२ रुपये किलो, बारीक ५२ रुपये किलो आणि मिश्रण ४० रुपये किलोने पडतं. विधान २ : एकूण मिश्रण ५० किलो आहे.

एक विधान हाताने झाका. मग दुसरं.